पाचटात दडलेली साखर : सेल्युलेज विकरांचे कार्य आणि उपयोग

ऊसतोडणी आटोपली की शिवाराशिवारातून धुराचे लोट उठताना आजही दिसतात. हेक्टरी ८ ते १० टन निघणारे पाचट काडी लावून काही तासांत नाहीसे केले जाते. शेत मोकळे झाल्याचे समाधान मिळते; परंतु जमिनीच्या वाट्याचा सेंद्रिय कर्ब आणि नत्र त्या धुराबरोबर निघून जातात. वास्तविक हेच पाचट मातीत मुरविण्याचे काम सूक्ष्म जीव अनादि काळापासून करीत आले आहेत. त्यांच्या हातचे साधन म्हणजे सेल्युलेज हे विकर, अर्थात एन्झाइम.

दाणा आणि ताट

वनस्पतींच्या पेशीभित्तिका मुख्यत्वे सेल्युलोज या द्रव्याच्या बनलेल्या असतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंसेल्म पायेन यांनी १८३८ मध्ये ते वेगळे करून दाखविले. कापसाच्या तंतूत त्याचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असते. ज्वारीच्या दाण्यातील पिष्ट आणि तिच्या ताटातील सेल्युलोज ही दोन्ही द्रव्ये ग्लुकोज या एकाच साखरेच्या रेणूंची साखळी होत. भेद आहे तो रेणूंना जोडणाऱ्या बंधांचा. दाण्यातील बंध आपल्या पाचकरसांनी सुटतात, ताटातील सुटत नाहीत. म्हणून भाकरी माणसाच्या वाट्यास येते आणि कडबा गुरांच्या. गुरांचे शरीरदेखील सेल्युलेज स्वतः निर्माण करीत नाही. त्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात राहणारे असंख्य सूक्ष्म जीव ते निर्माण करतात.

विकर हे बहुधा प्रथिनरूप असते. स्वतः खर्ची न पडता ते रासायनिक क्रियेस गती देते. सेल्युलोजच्या विघटनासाठी मात्र एकच विकर पुरत नाही. पहिले विकर लांब साखळी मध्येच तोडते, दुसरे तिच्या टोकांकडून दोन-दोन रेणूंचे तुकडे अलग करते आणि तिसरे त्या तुकड्यांचे ग्लुकोजमध्ये रूपांतर करते.

कुजलेल्या तंबूंचा धडा

दुसऱ्या महायुद्धात दक्षिण पॅसिफिक बेटांवरील अमेरिकन सैन्याचे सुती तंबू व कपडे भराभर कुजू लागले. या नुकसानीचा शोध घेताना सॉलोमन बेटांवरून एक बुरशी हाती आली. एल्विन रीझ, मेरी मँडेल्स आदी शास्त्रज्ञांनी तिच्या विकरांचा पुढे कसून अभ्यास केला. १९७७ मध्ये रीझ यांच्या सन्मानार्थ तिला ‘ट्रायकोडर्मा रीझी’ असे नाव देण्यात आले. जिला आवर घालण्यासाठी हा खटाटोप सुरू झाला, तीच बुरशी आज जगभर सेल्युलेजच्या उत्पादनासाठी वाढविली जाते.

कारखान्यातील उपयोग

जीन्सच्या कापडास जुनाट रूप देण्यासाठी पूर्वी ते सच्छिद्र दगडांबरोबर घुसळले जाई. आता ते काम बऱ्याच अंशी सेल्युलेज करते. सुती कापडावरील बारीक लव काढणे, कपडे धुण्याच्या पावडरीची गुणवत्ता वाढविणे, फळांतून अधिक रस मिळविणे, रद्दी कागदावरील शाई सुटी करणे, यांसाठीही त्याचा वापर होतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या विकरांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे.

शेतातील काडापासून इथेनॉल हा त्याचा सर्वांत मोठा संभाव्य उपयोग होय. हरियाणातील पानिपत येथे इंडियन ऑईलचा असा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्रास अर्पण करण्यात आला. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताच्या काडापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची योजना आहे. मात्र सेल्युलोजभोवती लिग्निनचे चिवट आवरण असते. ते आधी सैल करावे लागते आणि विकरांवरही मोठा खर्च होतो. त्यामुळे हा मार्ग अद्याप खडतर आहे.

गावाच्या हाती असलेला उपाय

शेतकऱ्याने मात्र कारखान्याची वाट पाहण्याचे कारण नाही. खोडव्यात पाचट सरीत पसरून प्रत्येक टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जीवाणू संवर्धक टाकावे, अशी शिफारस आहे. पाचटात कर्ब पुष्कळ व नत्र अल्प असते. बाहेरून नत्र न दिल्यास सूक्ष्म जीव ते मातीतून ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. ओलावा टिकवून धरणेही तितकेच अगत्याचे, कारण कोरड्या काडावर विकरांचे काम चालत नाही.

हेच तत्त्व यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या ‘नाडेप’ खतपद्धतीत आढळते. विटांच्या बांधकामात हवेसाठी भोके ठेवलेल्या टाक्यात काडीकचरा, थोडे शेण आणि माती यांचे थर दिले की तीन ते चार महिन्यांत खत तयार होते.

शिक्षकांनी शाळेच्या आवारात असा एक खड्डा वा टाके भरून विद्यार्थ्यांना हा बदल प्रत्यक्ष दाखवावा. ग्रामपंचायत सदस्यांनी तोडणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच ग्रामसभेत पाचटाचा विषय घ्यावा आणि संवर्धके वेळेवर गावात पोहोचतील असे पाहावे. एकदा काडी लागल्यावर दिलेला सल्ला व्यर्थ ठरतो.