नोकरी आणि जीभ

१. गप्प बसायला मला नियमाने शिकवलं नाही, शेजारच्या टेबलाने शिकवलं. राज्य शासनाच्या सेवेत एकतीस वर्षं काढली. 'महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९' कपाटातच होते. नीट वाचले ते निवृत्तीला दोन वर्षं उरल्यावर. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका नको, हे त्यात आहेच. पण निव्वळ साहित्यिक लेखनाला परवानगी लागत नाही, हेही आहे. आणि मी गिरगावातल्या आमच्या चाळीवरची एक साधी गोष्ट दिवाळी अंकाला पाठवायलाही भ्यायलो होतो. ती अजून ट्रंकेत आहे.

२. टोपणनाव म्हणजे पळवाट, असं मी फार वर्षं मानलं. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत असतानाच १८४८ पासून मुंबईच्या 'प्रभाकर'मध्ये 'लोकहितवादी' म्हणून लिहीत होते. आता ते नाव मला आदरानेच घ्यावंसं वाटतं.

३. निदर्शनांचा हक्क मिळवण्यात आपल्याच मुंबईतल्या कारकुनी जगाचाही वाटा होता, हे मला उशिरा कळलं. जुलै १९६० मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संप झाला. त्याआधीच्या निदर्शनांत भाग घेतला म्हणून इथल्याच लेखापरीक्षा खात्यातल्या ई. एक्स. जोसेफ यांच्यावर कारवाई सुरू झाली. ते कोर्टात गेले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने निदर्शनांवरची सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली; संपावरची बंदी मात्र कायम ठेवली. त्या निकालानंतर कितीतरी वर्षांनी मी नोकरीला लागलो, आणि द्वारसभेच्या वेळी मागच्या जिन्याने उतरत राहिलो.

४. बोलता येणं वेगळं, कुणी ऐकणं वेगळं. वडील लालबागच्या गिरणीत साचेखात्यात होते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने कामगारांच्या वतीने बोलायचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त युनियनला दिला. १९८२ च्या संपात माणसं डॉ. दत्ता सामंतांच्या मागे उभी राहिली, तरी कागदावर तो अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच राहिला. वडील म्हणत, "गेटावर आम्ही कितीही ओरडलो तरी आत कुणाचं ऐकायचं ते आधीच ठरलेलं."

५. भीती वारशाने जाते. मुलगी परळला एका कंपनीत आहे, पूर्वी गिरणी होती त्याच आवारात. रात्री उशिरा सुटणाऱ्या बायकांना गाडी मिळत नाही, यावर तिने चार ओळी लिहिल्या आणि विचारलं, "बाबा, टाकू का?" मी म्हणालो, "राहू दे, करारात काहीतरी असेल." तिने त्या पुसल्या. करार मी वाचलाही नव्हता.