ओठाच्या आतला पाण्याचा फोड

जेवताना खालचा ओठ दाताखाली येतो आणि काही दिवसांनी आतल्या बाजूला मऊ, निळसर फोड दिसतो. सहसा दुखत नाही. ओठात लाळेच्या बारीक ग्रंथी असतात. चावल्याने एखादीची नळी फुटते आणि चिकट लाळ आतच साठते. डॉक्टर याला म्युकोसील म्हणतात. मुलांना, तरुणांना जास्त होतो. हा कॅन्सर नव्हे, एकाचा दुसऱ्याला होत नाही. अंगाऱ्या-धुपाऱ्याचा तर प्रश्नच नाही.

आमचे कळकळीचे सांगणे एवढेच, की सुईने टोचू नका. पाणी निघते, फोड बसतो, पण बिघडलेली ग्रंथी तशीच राहते आणि तो पुन्हा भरतो. वर जंतू शिरतात ते वेगळेच. लहान फोड बरेचदा काही आठवड्यांत आपोआप जिरतो, ओठ चावायची सवय मात्र मोडावी लागते. राहिलाच, तर दातांचे डॉक्टर तेवढी जागा बधिर करून ग्रंथीसकट काढतात. जिभेखाली आला, गिळायला अडू लागले, तर थांबू नका.

मिश्री, तंबाखू, गुटखा घेणाऱ्यांनी मात्र प्रत्येक गाठ पाण्याचीच समजू नये. कडक गाठ, 2 आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, यांतले काहीही असले तर जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा मुंबई-नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात लगेच दाखवा.