वसतिगृह आणि फ्लूची साथ : पूर्वतयारीचा पाठ

पावसाळ्याच्या तोंडावर शैक्षणिक वर्ष सुरू होते. बुऱ्हाणपूरच्या राजपुरा वस्तीतून, तापीकाठच्या खेड्यांतून आणि शेजारच्या खानदेशातून अनेक मुलेमुली उच्च शिक्षणासाठी जळगाव, इंदूर, पुणे अशा शहरांकडे जातात आणि तेथील वसतिगृहांत राहू लागतात. पालक त्यांच्यासोबत कपडे, अंथरूण-पांघरूण व फराळाचे डबे आठवणीने देतात. परक्या गावी ताप आला तर काय करावयाचे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. आपल्याकडे फ्लूचा जोर मुख्यत्वे पावसाळ्यात आणि त्यानंतर जानेवारी ते मार्च या काळात वाढतो. म्हणजेच प्रवेशाचा हंगाम व परीक्षेचा हंगाम, हे दोन्ही या रोगाचेही हंगाम आहेत.

पाचगणीचा अनुभव

सन २००९ मध्ये एच१ एन१ या नव्या विषाणूची साथ जगभर पसरली. ११ जून रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ती जागतिक साथ असल्याचे जाहीर केले. ३ ऑगस्ट रोजी या रोगाचा भारतातील पहिला मृत्यू पुण्यात झाला. त्यापूर्वीच, जून-जुलैमध्ये, सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथील एका निवासी शाळेत साथ उद्भवली होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. शाळेतील ४१५ जणांपैकी २९५ जणांना फ्लूसदृश आजार झाला होता. रक्ततपासणीत शाळेतील ५२ टक्के व्यक्तींमध्ये नव्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली, तर परिसरातील नागरिकांमध्ये हे प्रमाण ९ टक्के होते.

या दोन आकड्यांतील अंतर विचार करण्याजोगे आहे. गाव तेच होते, हवा तीच होती आणि पाऊसही तोच होता. परंतु एका छपराखाली निजणे, एका पंगतीला जेवणे व एकाच वर्गात बसणे यांमुळे विषाणूला एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे जाण्यास वेळ लागला नाही. विद्यापीठाच्या वसतिगृहातील जीवनही याच प्रकारचे असते.

रोग कसा पसरतो ?

रुग्ण खोकतो, शिंकतो किंवा बोलतो तेव्हा उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून हा विषाणू पसरतो. दाराची कडी, नळ, पेला अशा वस्तूंना हात लावून तोच हात नाकातोंडाला लावल्यानेही संसर्ग होऊ शकतो. विषाणूचा शिरकाव झाल्यावर साधारणतः एक ते चार दिवसांत लक्षणे दिसू लागतात. ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच रुग्ण इतरांना संसर्ग देऊ शकतो आणि पुढे पाच ते सात दिवस ही शक्यता कायम राहते. सबब, पहिला रुग्ण आढळल्यावर तयारीस लागणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

विद्यार्थ्यांनी करावयाची तयारी

प्रत्येक विद्यार्थ्याजवळ तापमापक, पॅरासिटामॉलच्या गोळ्या, क्षारसंजीवनीची पाकिटे, साबण, काही मुखपट्ट्या आणि स्वतःचा स्वतंत्र पेला व टॉवेल असावा. दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असल्यास त्याची नोंद अधीक्षकांकडे करावी. अशा विद्यार्थ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. लसीचा प्रभाव निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून ती साथीपूर्वीच घेणे हितावह आहे. दोघा मित्रांनी एकमेकांची जबाबदारी घ्यावी. एक आजारी पडल्यास दुसऱ्याने त्याचे जेवण दाराशी पोचवावे व दिवसातून दोनदा विचारपूस करावी.

व्यवस्थापनाची जबाबदारी

वसतिगृहात किमान एक हवेशीर खोली रुग्णांसाठी राखून ठेवावी. खाटांमध्ये एक मीटर अंतर असावे. जागा अपुरी असल्यास एका खाटेची उशी जिकडे, तिकडे शेजारच्या खाटेचे पायथे येईल अशी मांडणी करावी. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. भोजनगृहाच्या दाराशी पाणी व साबण असावा. साथीच्या दिवसांत जेवणाच्या पाळ्या वाढवाव्यात.

मात्र यापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट आहे. हजेरी कमी भरेल, परीक्षा हुकेल, या भीतीने विद्यार्थी ताप लपवितात, गोळी घेऊन वर्गात जाऊन बसतात आणि नकळत साऱ्या वर्गाला रोग देतात. आजारपणातील गैरहजेरीमुळे नुकसान होणार नाही, असे आश्वासन शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनी सत्राच्या आरंभीच दिले, तर ताप लपविण्याचे कारणच उरणार नाही.

आजार आल्यावर

विश्रांती घ्यावी व भरपूर पाणी प्यावे. औषधाशिवाय ताप उतरून चोवीस तास होईपर्यंत वेगळे राहावे. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत, म्हणून ती मनाने घेऊ नयेत. ओसेल्टामिविर हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे असून, पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास त्याचा अधिक उपयोग होतो. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, थुंकीतून रक्त येणे, ग्लानी येणे किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे ही धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णास रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक मध्य प्रदेश व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत उपलब्ध आहे.

पालकांना विनंती

मुलाच्या तापाची वार्ता कळताच “ताबडतोब घरी निघून ये” असे सांगण्याचा मोह होतो. तो आवरावा. गर्दीच्या बसमधील किंवा रेल्वेतील प्रवासाने आजाऱ्याचे हाल वाढतात, सहप्रवाशांना संसर्ग होतो आणि घरातील वृद्ध व तान्ह्या मुलांपर्यंत रोग पोचतो. त्याऐवजी अधीक्षकांशी बोलावे, डॉक्टरांना दाखविले की नाही याची खात्री करावी, आणि गरज भासल्यास घरातील एका निरोगी व्यक्तीने तिकडे जावे.

फ्लूचे बहुतेक रुग्ण आठवडाभरात बरे होतात. राहिलेल्या थोड्यांचे प्राण मात्र वेळीच ओळखलेल्या लक्षणांवर अवलंबून असतात. विद्यार्थी, पालक आणि अधीक्षक यांनी प्रवेशाच्या दिवशीच एकत्र बसून या गोष्टी ठरविल्या, तर साथ आली तरी वसतिगृह बेसावध सापडणार नाही.