पहिली नजर माफ आहे, छोटी

छोटी, वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी तो अश्लील व्हिडिओ टाकला, तू उघडलास, आणि तेव्हापासून तुला मुसल्ल्यावर उभं राहायचीही लाज वाटतेय. नमाज सोडू नकोस. पैगंबरांनी (स.) हजरत अलींना बजावलं होतं, की अचानक पडलेल्या नजरेमागे दुसरी नजर लावू नकोस, पहिली माफ आहे, दुसरी नाही. नकळत समोर आलं त्याचा गुन्हा तुझ्या माथी नाही. नंतर पुन्हा उघडून पाहिलं असशील, तरी तौबा कर आणि पुढे चल. अल्लाहच्या रहमतीची आस सोडू नका, हे सूरह जुमरमध्ये चुकलेल्यांनाच सांगितलंय. मात्र मैत्रिणींत याची चर्चा नको. अल्लाहने झाकलेलं आपणच उघडं करणं हदीसमध्ये फार नापसंत आहे. मला सांगितलंस, एवढं पुरे.

आता माझ्या मनातलं. धामणकर नाक्यावर रिक्षातून उतरलीस की मेट्रोच्या खांबांखाली उभी पोरं टक लावून बघतात, आणि घरी ओढणीवरून बोलणी तूच खातेस. मला याचा राग येतो, कारण आपला दीन असं शिकवत नाही. सूरह नूरची 30वी आयत आधी पुरुषांना सांगते: नजरा खाली ठेवा, आपली अब्रू सांभाळा. आपल्यासाठीची 31वी नंतर येते, आणि तीही नजरेपासूनच सुरू होते. ओढणीचा हुकूम त्याच्या पुढे. अखेरच्या हजच्या वेळी तरुण फजल बिन अब्बास पैगंबरांच्या मागे सवारीवर बसले होते. खसअम कबिल्यातली एक बाई आपल्या म्हाताऱ्या वडिलांच्या हजबद्दल विचारायला आली आणि फजल तिच्याकडे बघतच राहिले. पैगंबरांनी हाताने फजलचं तोंड दुसरीकडे वळवलं, आणि त्या बाईला तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. हा किस्सा भाईजानलाही ऐकव.

घरात एकच खोली, शेजारी लूमचा खडखडाट, आणि एकाच मोबाइलवर तुझा अभ्यास नि धाकट्यांचे गेम. अशा घरात असले व्हिडिओ टाळायला नुसत्या निश्चयाने भागत नाही. कुरआन जिनाच्या जवळही जाऊ नका म्हणतो, म्हणजे वाटच बंद करायची. व्हॉट्सअ‍ॅपचं ऑटो-डाउनलोड बंद कर. तो ग्रुप सोड. अभ्यासाच्या नोट्स मैत्रिणीकडून घेता येतील. रात्री मोबाइल अम्मीच्या उशाशी चार्जिंगला लाव. मन फारच भरकटलं तर रोजा ठेव. लग्न न झालेल्या तरुणांना पैगंबरांनी हाच उपाय सांगितलाय.

आणि तो व्हिडिओ कुणालाही पुढे पाठवू नकोस, ‘बघ काय आलंय’ म्हणूनसुद्धा नाही. निर्लज्जपणा पसरावा असं वाटणाऱ्यांना सूरह नूरमध्येच सक्त ताकीद आहे, आणि 2000 च्या आयटी कायद्याच्या 67व्या कलमाखाली अश्लील मजकूर पाठवणं हा गुन्हाही आहे.

कधी कुणी तुझाच फोटो मागितला, किंवा जुना फोटो बदलून धमकी दिली, तर एक पैसा देऊ नकोस, एक फोटोही नाही. त्याचे मेसेज खोडू नकोस, तोच पुरावा असतो. 1930 ही सायबर हेल्पलाइन आहे. बायका-मुलांवरच्या अशा गुन्ह्यांची तक्रार सरकारी पोर्टलवर नाव न देताही करता येते. अब्बा काय म्हणतील या भीतीने गप्प राहू नकोस. त्यांच्याशी मी बोलेन. रात्रीचे कितीही वाजलेले असोत, आधी मला उठव.