सी ड्राइव्हची झाडलोट

प्रश्न : सोसायटीचं सगळं दफ्तर माझ्या घरच्या संगणकावर आहे. सी ड्राइव्ह सारखा भरतो, लाल पट्टी दिसू लागते. संगणक आपोआप जागा मोकळी करतो म्हणतात. ते चालू केलं तर सोसायटीचे कागद उडणार नाहीत ना?
– एक सेक्रेटरी, मुलुंड (पूर्व)

उत्तर : उडू शकतात, पण एकाच दारानं. ते दार तुमच्या हातात आहे.

विंडोजमध्ये २०१७ पासून ‘स्टोरेज सेन्स’ नावाची सोय आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज या वाटेनं गेलात की सापडेल. चालू केलीत की ती प्रोग्रॅमनी मागे टाकलेल्या तात्पुरत्या फाइली काढते आणि रिसायकल बिनमध्ये ३० दिवसांहून जास्त पडून असलेलं पुसते. एवढं खुशाल करू द्या.

खाली ‘डाउनलोड्स’चा रकाना आहे. तिथे मुळात ‘नेव्हर’ असतं. ते तसंच राहू द्या. तिथे ६० दिवस निवडलेत, तर तेवढ्या काळात न उघडलेली फाइल विंडोज निरुपयोगी समजून पुसून टाकतं. हेच ते दार. आता तुमचंच बघा. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा उरकली की ऑडिट रिपोर्टकडे पुढचे कित्येक महिने कोण फिरकतं? आणि ईमेलनं, व्हॉट्सअॅपनं आलेली पीडीएफ आपण ठेवतो कुठे? जिथे उतरली तिथेच! आपल्याकडे डाउनलोड्स हेच कपाट झालंय. २०१८ च्या एका अपडेटनंतर विंडोजच्या जुन्या ‘डिस्क क्लीनअप’ सोयीच्या पुसायच्या यादीतही हा फोल्डर आला होता, न वाचता खुणा करणाऱ्यांचं त्यात नुकसान झालं, म्हणून २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो वगळला.

मात्र स्टोरेज सेन्सकडून फार आशा धरू नका. ती फक्त सी ड्राइव्ह झाडते. संगणक जोडून देताना दुकानदारानं सी लहान आणि डी मोठा ठेवला असेल, तर कितीही झाडलं तरी सी महिन्याभरात पुन्हा भरेल. अशा वेळी वाटणीच बदलून घ्यावी. नुकतंच मोठं अपडेट झालं असेल, तर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचा फोल्डर बरेच जीबी अडवून बसतो. तो साधारण दहा दिवसांनी आपोआप जातो.

ठराव, ऑडिट रिपोर्ट, नामनिर्देशनाचे अर्ज आजच डीवर हलवा. सी आणि डी बहुधा एकाच डिस्कचे भाग असतात, ती बिघडली तर दोन्ही जातील. तेव्हा आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर खजिनदारांकडे ठेवा.