माळवदाचे घर

मराठवाड्यातील उन्हाळा कडक असतो. वैशाखात पारा ४० अंशांच्या वर चढतो, वाटा ओस पडतात. अशा वेळी उन्हातून आलेला वाटसरू जुन्या माळवदाच्या घरात शिरला, की त्याचा जीव सुखावतो.

या गारव्याचे रहस्य घराच्या बांधणीत आहे. भिंती दगडमातीच्या व चांगल्या रुंद असतात. छपरासाठी लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर घालतात. या थरातून उष्णता फार सावकाश आत येते. ती आत पोहोचू लागते, तोच सूर्य मावळतीला गेलेला असतो.

परंतु या गुणाशेजारीच एक मोठा दोष दडलेला होता. गळती थांबावी म्हणून लोक माळवदावर पुन:पुन्हा नवी माती घालीत. छपराचे ओझे वाढत जाई. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लोक गाढ झोपेत होते. नुसत्या मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि त्या ढिगाऱ्यांखाली हजारो माणसे मृत्युमुखी पडली. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सावली दिली, तीच काळ ठरली!

या धास्तीने कित्येकांनी डोक्यावर पत्रे घातले. पत्रा वजनाने हलका खरा. पण तो पाहता पाहता तापतो आणि ती धग खाली सोडतो. भर दुपारी म्हाताऱ्या माणसांचा व तान्ह्या मुलांचा जीव कासावीस होतो. पंखा दिवसभर फिरतो, वीज खर्ची पडते. पण तो तापलेली हवाच फिरवीत राहतो.

मग गारवा सोडावा, की जीव धोक्यात घालावा? जाणकार म्हणतात, दोन्हींची गरज नाही. भूकंपानंतर जुनी घरे बळकट करण्याचे उपाय लोकांना शिकविण्यात आले. माळवदावरील जास्तीची माती काढावी व गळती थांबविण्यासाठी मातीत प्लास्टिकचा कागद अंथरावा. भिंतीत आरपार जाणारे दगड बसवावेत. खांब व तुळया जेथे मिळतात, तेथे तिरपे आधार द्यावेत. घर पत्र्याचे असेल, तर पत्र्यावर पांढरा चुना द्यावा, म्हणजे बरेचसे ऊन परतून जाते. खाली थोडी पोकळी राखून बांबूच्या तट्ट्यांचे छत करावे आणि तापलेली हवा निघून जाण्यास उंचावर झरोके ठेवावेत. पश्चिमेच्या भिंतीला झाडाची सावली मिळाली, तर फारच उत्तम.

एवढे झाल्यावर मग यंत्रांकडे वळावे. ६० वॉटच्या जुन्या दिव्याइतका उजेड सुमारे ९ वॉटचा एलईडी दिवा देतो. घरच मुळात थंड असेल, तर पंख्यालाही विसावा मिळतो.

जुने ते सगळेच सोने नसते आणि नवे ते सगळेच सुखाचे नसते. पूर्वजांची युक्ती राखून त्यांच्या हातून राहिलेली उणीव जो भरून काढतो, त्याचेच घर खऱ्या अर्थाने नवे होते.