अभ्यासपाठ : कागदावर नाव कोणाचे?



‘स्त्रीवादी समाजकार्य’ म्हटले की मंडळीतली काही माणसे अवघडतात. वाणगावच्या आसपासच्या पाड्यांवर महिलांच्या बैठका घेताना मी त्याचा एक साधा अर्थ धरते. बाईला मदत देण्याआधी तिचे श्रम, तिचे कर्ज आणि तिची जमीन कोणाच्या नावावर लिहिली आहे, ते विचारायचे.

दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. उचल मिळते ती पुरुषाच्या हाती. राबतात दोघे, हिशेब मात्र त्याच्या नावे. वर भाकरी, पाणी, पोरे तिच्याकडेच. आणि काय काम करतेस विचारले, तर ती म्हणते, “मी काय, नवऱ्याच्या संगती जाते.” आपण धान्य वाटतो, ते हवेच, पण त्याने हे उत्तर बदलत नाही.

हे जुनेच दुखणे आहे. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतलेला वारली ‘लग्नगडी’ होई आणि त्याच्यासोबत नवी नवरीही मालकाच्या दारात राबे. कर्ज तिने मागितलेलेही नसे. या वेठबिगारीविरुद्ध 1945 साली वारली उठले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो लढा आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी ते जरूर वाचावे.

‘आदिवासी बाईला आम्ही वर आणतो’ ही भाषा मला खटकते. वारल्यांचे पारंपरिक लग्न धवलेरी लावते, आणि ती बाईच असते. तिला मान द्यायला आपण शिकवायचे कारण नाही.

आता जमिनीचे. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहितांचा वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे व्हायला हवा. एकटी बाई कुटुंबप्रमुख असेल, तर तिच्या नावे. तो विकता येत नाही, वारसांना मिळतो. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. बैठकीत हे सांगितले की आधी शांतता पसरते, मग एखादी हळूच विचारते, “नवरा वारला असेल तर?” खरे काम तिथून सुरू होते. गणना 27 मध्ये सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून वतन मागतात, त्यांचा प्रश्नही हाच होता.

एक सावधगिरी. मार खाल्लेली बाई आली की आपल्याला लगेच पोलीस ठाणे आठवते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षणाचा आदेश आणि त्याच घरात राहण्याचा हक्कही आहे, हे तिला सांगावे. रात्री कुठे झोपणार, पोरे कुणाकडे, हे विचारावे. पुढचे पाऊल तिने ठरवावे. ती परत घरी गेली तरी आपले दार उघडे ठेवावे. देणगीदारांना अहवालात ‘प्रकरण मिटले’ असे वाचायला आवडते, पण अशी प्रकरणे तिमाहीत मिटत नाहीत.

गटचर्चेसाठी : आपापल्या घराचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती काढा. त्यावर कोणाची नावे आहेत, ते पाहून पुढच्या बैठकीला या.